एकेका किलोसाठी घासाघीस

त्या वर्षी आमचं युनिट उत्तरेकडच्या एका उंच हेलिपॅडवर होतं. मी हवालदार, हेलिकॉप्टरची देखभाल माझ्याकडे. आज तिवशात माझं ट्रॅक्टरच्या जुन्या पार्टांचं दुकान आहे. भाव करताना मी हटत नाही, हे तालुक्याला माहीत आहे.

काम रोज तेच. सकाळी वरच्या चौक्यांना रेशन आणि रॉकेल जायचं. परतताना आजारी जवान यायचे. तिथे हवा विरळ, त्यामुळे मशीन फार थोडं वजन उचलतं. प्रत्येक वस्तू तोलूनच चढायची. माणूससुद्धा.

एका दुपारी कॅप्टन राठींचं हेलिकॉप्टर बर्फाच्या उतारावर पडलं. सोबत नायक सुरेश होता, अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडचा. रेडिओवर राठी साहेबांचा आवाज आला.

"माझा माणूस जिवंत आहे. आधी त्याला न्या."

मग सेट बंद पडला.

आमचे दुसरे वैमानिक मेजर कुरियन नुकतेच फेरी करून उतरले होते. बेसचा आदेश आला, "हवामान बिघडतंय. उड्डाण बंद. सकाळी पाहू."

उघड्या बर्फात जखमी माणूस सकाळपर्यंत टिकत नाही. मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हवालदार, वजन कमी करा."

दारं काढली. मागची सीट आणि टूलकिट उतरवली. को-पायलटलाही खाली ठेवलं.

"वीस लिटर इंधन काढा."

"दहा, सर."

"पंधरा. त्याला उचलता आलं पाहिजे."

"तुम्हाला परत यायचंय. बारा. आणि तुमची बॅग इथेच ठेवा."

ते हसले. बॅग माझ्या अंगावर फेकली आणि गेले.

त्यांनी खालच्या दोन दांड्यांपैकी एकच स्किड उतारावर टेकवली आणि मशीन तसंच धरून ठेवलं. सुरेश मोडका पाय ओढत सरपटत आत आला. राठी साहेबांनी तोवर प्राण सोडला होता. मेजर साहेब हेलिपॅडवर टेकले तेव्हा इंधनाचा लाल दिवा लागलेला होता. मी सुरेशला उतरवलं.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. साहेबांनी आदेश मोडला, ते मला मान्य आहे. त्याची शिक्षा द्या. पण शेरा लिहिला, "बेफिकीर वैमानिक." साहेबांची बढती तिथेच अडली. जो माणूस लिटरलिटरसाठी माझ्याशी भांडला, तो बेफिकीर? मी हे तिथे चढ्या आवाजात बोललो. मला बाहेर काढलं. तो राग अजून उतरलेला नाही.

गेल्या महिन्यात सुरेशच्या मुलीचं लग्न झालं. मेजर साहेब हिवरखेडला आले होते. केस पांढरे, पाठ ताठ.

"पंधरा काढले असते तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"नसतं चाललं, सर."

सुरेश मध्ये पडला. "तुमी दोघं अजून भाव करूनच राहिले काय? इन्क्वायरीत मले तं कोनं इचारलंच नाई. मी दवाखान्यात होतो. इचारलं असतं तं सांगतलं असतं, साहेब बेफिकीर असता तं हे पोरगी कुठून आली असती?"

मेजर साहेबांनी सुरेशच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पहिल्यांदा पाहिला.

लग्नातली बुद्धवंदना सुरू होण्याआधी सुरेश लंगडत पुढे गेला. बुद्धमूर्तीशेजारी कॅप्टन राठींचा गणवेशातला फोटो ठेवला होता. राठी साहेबांना उतारावरून खाली आणलं होतं, तेही कुरियन साहेबांनीच, हवामान उघडल्यावर. सुरेशने मेणबत्ती लावली. मुलीला वाकायला सांगितलं. आम्ही दोघे मागे सावधानमध्ये उभे होतो.

सुरेशने फोटोला सॅल्यूट केला.

"साहेब, तुमचा मानूस हजर हाय."