रादकोच्या गाठी

नेद्याल्कामावशीचा नवरा रादको गेला, आणि महिन्याभरात तिच्या न्हाणीघरातला नळ चावायला लागला. चावायला हा माझा शब्द. ती म्हणायची, तो हात धरतो.

डॅन्यूब नदीकाठच्या लोम गावात, आमच्या जुन्या इमारतीत मी तिची समोरची शेजारीण. तिनं रादकोच्या चाळिसाव्या दिवसाचा फोटोवाला कागद खालच्या दारावर चिकटवला, साखर घातलेल्या शिजवलेल्या गव्हाची वाटी मला दिली आणि हळूच म्हणाली, "ओला हात नळाला लागला की कोपरापर्यंत मुंग्या चढतात. जिवंतपणी कधी हात धरला नाही मेल्यानं."

दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. कपडे धुण्याच्या मशीनचा करंट नळात उतरला असेल, एवढंच मी म्हटलं. तर म्हणे मशीन बंद असलं तरी तो येतो. मग मीच ठसक्यात गेले आणि ओला हात नळाला लावला. मशीन बंद होतं, आत कसलाही आवाज नव्हता, आणि कुणीतरी माझी बोटं हळूच चाचपली. मी हात मागे ओढला.

तरी मी गप्प बसले असते. पण तिची लेक रुमेना परदेशातून तान्ह्या मुलीला घेऊन येणार होती.

"आंघोळ घालताना पोरीचा हात नळावर ठेवणार आहे," मावशी म्हणाली. "आजोबानं नात बघितली नाही. ओळख नको का व्हायला?"

त्याच दिवशी मी तिला न विचारता आसेन वायरमनला बोलावलं. त्यानं मशीनचा प्लग काढला आणि टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरमधला दिवा मंद लाल पेटला. मग त्यानं मशीन पुढे ओढलं. मागून एक तांब्याची तार पाण्याच्या पाइपाला बांधलेली होती, वर पिवळी चिकटपट्टी. आमच्या इमारतीला अर्थिंग कधी नव्हतंच, म्हणून घरोघरी हाच जुगाड. आणि घरोघरी तो करून दिला होता रादकोनं, कॉफी आणि घोटभर राकिया दारूवर.

आसेननं समजावलं की लोखंडी पाइप जमिनीत जात होता तोवर सगळ्या घरांतल्या मशीनची विजेची गळती त्यातूनच खाली उतरत होती. तळमजल्यावाल्यांनी नुकताच सडलेला पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला आणि ती वाट बंद झाली. "आता ती पाइपात बसून राहते आणि ओल्या हातातून उतरते. आज मुंग्या येतात. उद्या एखादं मशीन आतून बिघडलं, तर माणूस नळाला चिकटून मरेल."

मावशीनं त्यातलं एकच ऐकलं. "म्हणजे सगळ्या घरांतल्या गाठी त्याच्याच?"

"त्याच्याच."

"मग मी वेगळं काय सांगत होते?"

आसेननं पिशवीतून पक्कड काढली.

ती भांडली नाही, हेच मला जड गेलं. आसेनच्या मागोमाग ती प्रत्येक मजल्यावर गेली. तो तार कापायचा, ती पिवळी पट्टी लागलेला तुकडा उचलून एप्रनच्या खिशात टाकायची. शेवटी टेस्टर नळाला लावला तर दिवा पेटला नाही. मावशी ओला हात नळावर ठेवून बराच वेळ उभी राहिली. मला तिची फार दया आली.

रुमेना आली तेव्हा पोरीच्या आंघोळीला मी दारात उभी होते. मावशीनं तोच एप्रन घातला होता. रुमेना टॉवेल आणायला वळली, तेवढ्यात म्हातारीनं पोरीचा ओला हात उचलून नळावर ठेवला. मला सगळं माहीत होतं, तरी मी एक पाऊल पुढे टाकलं.

पोरगी दचकली. तिनं झटकन हात मागे घेतला, आजीच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि खुदकन हसली.

"बघ," मावशी मला म्हणाली, "ओळखलं तिनं."

नळ गार होता, म्हणून दचकली. हे मी तिला सांगितलं नाही. घरी आले आणि माझा नळ कोरड्या फडक्यानं उघडला. अजून तसाच उघडते.