गुरुवारचा पाहुणा

सोमवारी संध्याकाळचे साडेसहा झाले की परतूरच्या आसपासच्या पंचवीस-तीस गावांत एकच आवाज ऐकू येतो. कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या ओसरीवरच्या जुन्या रेडिओत, चहाच्या हॉटेलात भज्यांच्या कढईशेजारी. "राम राम, सलाम, जय भीम. मी दैवशाला. ह्या हप्त्यात आपल्याकडं कोण कोण येऊन राह्यलंय, ते सांगते."

मग ती सांगायला लागते. मंगळवारी नंदाबाई येणार. चाळीस वर्षं शेळ्या सांभाळलेली बाई. बाजारात शेळी घेताना कुठं हात लावून बघायचं, ते सांगेल. बुधवारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. दोनशे लेकरांची खिचडी बुडाला न लागू देता कशी उतरवायची, हे ज्या सुनांना घरातल्या पाच माणसांचंही जमत नाही त्यांनी जरूर ऐकावं. असं म्हणून ती स्वतःच हसते आणि ऐकणाऱ्या सुनाही हसतात.

'दुधनाकाठ' हे रेडिओ केंद्र लहानसं. एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्चीवर उंच खांब. आवाज बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढं जात नाही. पण तेवढ्या टापूत 'सांजबैठक' हा कार्यक्रम ऐकत नाही असं घर सापडणं मुश्कील, आणि याचं श्रेय केंद्र चालवणारी सुमेधा उघडपणे दैवशालाबाईंना देते.

दैवशालाबाई दहावी शिकलेल्या. नवरा मच्छिंद्र परतूरच्या जिनिंगमध्ये कामाला, घरी दोन म्हशी. आठ वर्षांपूर्वी त्यांचा रेडिओशी संबंध आला तो भांडणातून. सांजबैठकीत एक साहेब दुभत्या जनावरांची निगा या विषयावर बोलत होते. दैवशालाबाईंनी धार काढता काढता ते ऐकलं, हात पुसले आणि केंद्रावर फोन लावला. म्हणाल्या, "तुमचे पाहुणे बोलतात लई चांगलं. पण त्यांनी कधी म्हैस धुतली न्हाई, हे आमच्या म्हशीलाबी कळून राह्यलंय."

सुमेधा तेव्हा जालन्याहून नवीनच आली होती. तिनं रागवायचं सोडून विचारलं, मग कुणाला बोलवू? दैवशालाबाईंनी तिथल्या तिथं चार नावं सांगितली. त्यातली तीन माणसं पुढच्या महिन्यात माइकसमोर बसली आणि चौथ्या महिन्यात पाहुणे शोधायचं काम दैवशालाबाईंकडं आलं.

त्यांची पद्धत साधी होती. एसटीनं नाहीतर काळीपिवळीनं एखाद्या गावात उतरायचं, पारावर किंवा पिठाच्या गिरणीत बसायचं आणि विचारायचं, "तुमच्या गावात अडलं-नडलं की कोणाकडं जाता?" सरपंच कोण, मास्तर कोण, हे त्या विचारतच नसत. लोक आधी चाचरत, मग एकेक नाव निघे. शिवणयंत्राची नस ओळखणारा एक माणूस निघाला. मुक्या नातवाशी हातांनी बोलायला शिकलेली एक आजी निघाली. ही माणसं म्हणत, आम्हाला काय येतं बोलायला? दैवशालाबाई त्यांच्या उंबऱ्यावर बसून दोन-दोन तास ऐकत आणि उठताना सांगत, हेच बोलायचं, ह्याच्यापेक्षा जास्त काही न्हाई.

सोमवारची घोषणाही त्यांनीच बदलली. आधी ती कोरडी असायची: मंगळवार आरोग्य, बुधवार शेती. त्यांचं म्हणणं असं, की लग्नाची पत्रिका दिल्याशिवाय पंगतीला कोण येतं? कोण येणार, काय सांगणार आणि ते आपल्या कोणत्या कामाचं, एवढं तरी आधी कळलं पाहिजे. ऐकणाऱ्याला थोडी ओढ लागावी असं त्या बोलत. ती कला त्यांना उपजतच होती आणि एकदा तिनंच त्यांना खड्ड्यात घातलं.

गेल्या मे महिन्यात नदीपलीकडच्या एका गावात विहिरीचा गाळ काढताना दोन माणसं गेली. पहिला खाली उतरला आणि कोसळला. त्याला वर काढायला दुसरा उतरला, तोही गेला. पंधरा मिनिटांत खेळ संपला. दैवशालाबाई त्या गावात दोन्ही घरच्यांना भेटायला गेल्या होत्या. परत आल्यावर त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मच्छिंद्रला म्हणाल्या, आपण शेळ्यांवर बोलतो, खिचडीवर बोलतो. आणि विहिरीत उतरायचं कसं, हे कोणी सांगितलंच न्हाई.

त्यांनी गावोगाव विचारलं. सगळीकडून एकच नाव आलं. ख्वाजामियाँ. साठी ओलांडलेला माणूस. तालुक्यातल्या शंभरेक विहिरी त्यानं खोदल्या नाहीतर बांधल्या असतील. लोकांनी आणखी एक सांगितलं, तेही हळू आवाजात, की त्याचा धाकटा भाऊ तौफिक बत्तीस वर्षांपूर्वी विहिरीतच गेला.

दैवशालाबाई त्याच्या घरी गेल्या. ख्वाजामियाँनं चहा पाजला, विहिरीबद्दल तासभर भरभरून सांगितलं. काळ्या पाषाणाला सुरुंग कसा लावायचा, गाळाला वास कसला येतो. भावाचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही आणि यांनीही काढलं नाही. रेडिओवर येता का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "बघू."

आता आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, हे पोरालाही ठाऊक असतं. दैवशालाबाईंना तर चांगलंच ठाऊक होतं. पण गाळ काढायचे दिवस चाललेले, आठ-पंधरा दिवसांत पावसाळा तोंडावर येणार, आणि तेवढ्यात आणखी कोणी उतरेल ही धास्ती त्यांच्या डोक्यात बसलेली. सुमेधानं विचारलं, गुरुवार पक्का का? त्या म्हणाल्या, पक्का.

सोमवारी त्यांनी सांगितलं, "गुरुवारी ख्वाजामियाँ येणार. ज्यांनी स्वतःचा भाऊ विहिरीत गमावला, ते सांगतील, विहिरीत उतरताना जीव कसा वाचवायचा." सुमेधाला वाटलं, आजवरची ही सगळ्यात चांगली घोषणा.

गुरुवारी साडेसहा वाजले, पावणेसात वाजले, ख्वाजामियाँ आला नाही. फोन बंद होता. सुमेधानं गाणी लावली.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं दैवशालाबाई त्याच्या गावी पोचल्या. दार त्याची बायको कमरबीनं उघडलं. या म्हणाली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. ख्वाजामियाँ बाजेवर बसला होता.

"बाई," तो म्हणाला, "मी हौ म्हणल्तो का?"

"न्हाई, चाचा."

"माझा भाऊ कसा गेला, ते ह्या घरात बत्तीस साल कोणी तोंडातून काढलं न्हाई. तुम्ही साऱ्या तालुक्याला सांगून टाकलं. हॉटेलात बसलेल्या माणसांनी माझ्याकडं वळून बघितलं. चहा तसाच ठेवून उठलो मी."

सांगण्यासारखं दैवशालाबाईंकडं बरंच होतं. लोकांचे जीव, तोंडावर आलेला पावसाळा, चांगला हेतू. एसटीत बसून त्यांनी ते सगळं जुळवूनही आणलं होतं. पण त्या माणसाच्या समोर उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य त्यांना उच्चारावंसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, चाचा. तुमची गोष्ट तुमची होती. मी ती विचारल्याबिगर उचलली." आणि रेडिओवर या म्हणून गळ न घालता, चहा न घेता निघाल्या. रस्त्यापर्यंत चालत आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण चपला दारातच विसरलो. त्या आणायला परत जायचा त्यांना धीर होईना. शेवटी कमरबीच त्या घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी ठेवून गेली.

पुढच्या सोमवारी पाहुणे सांगायच्या आधी आपल्याला दोन मिनिटं हवीत, असं त्यांनी सुमेधाला सांगितलं. सुमेधाला ते पटलं नाही. घरी जाऊन माफी मागितलीत ना, मग लोकांपुढं कशाला, केंद्राचं नाव खराब होईल, असं तिचं म्हणणं. दैवशालाबाई म्हणाल्या, "चूक पंचवीस गावांत केली. माफी एका उंबऱ्यावर कशी फिटंल?"

माइक सुरू झाला. त्या नेहमीसारखं राम राम, सलाम, जय भीम म्हणाल्या. मग म्हणाल्या, की मागच्या सोमवारी मी एका पाहुण्याचं नाव त्याच्या होकाराबिगर घेतलं आणि त्याच्या घरातलं दुःख तुम्हाला सांगितलं. ते मला कुणी सांगायला दिलेलं नव्हतं. त्या घराची मी माफी मागते. तुम्हीही त्याबद्दल त्यांना काही विचारू नका, एवढी विनंती. आता ह्या हप्त्याचे पाहुणे. आणि त्यांनी मंगळवार, बुधवार, शुक्रवार सांगितला. गुरुवारी गाणी लागतील, असं सांगून घोषणा संपवली.

त्या संध्याकाळी केंद्रावर एकही फोन आला नाही. असं कधी झालं नव्हतं. दैवशालाबाईंनी घरी गेल्यावर मच्छिंद्रला सांगितलं, आता मला हे काम नको, म्हशी बऱ्या. मच्छिंद्र कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "म्हशीलाबी तू रोज काहीबाही सांगतच राहती. मंग रेडिओनं काय पाप केलं?"

गुरुवारी सहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. वर आले ते ख्वाजामियाँ, त्यांच्यामागं कमरबी. ख्वाजामियाँच्या एका हातात कंदील आणि खांद्यावर काथ्याच्या दोराचं वेटोळं. रेडिओवर हे दिसणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सुमेधानंही सांगितलं नाही. कमरबी दैवशालाबाईंजवळ येऊन म्हणाली, की सोमवारी रेडिओ मीच लावला होता. मोठ्या माणसांना चूक करताना पाहिलं होतं, ती कबूल करताना पाहिलं नव्हतं. रात्रभर हे जागे होते. सकाळी उठले आणि कंदिलाची काच पुसायला लागले.

ख्वाजामियाँ चाळीस मिनिटं बोलले. सुरुवातीला ते एकेका शब्दावर अडखळत होते. मग हात चालायला लागले आणि हातांमागं जीभ. बंद पडलेल्या, कमी पाण्याच्या विहिरीत खराब हवा तळाशी बसते, ती दिसत नाही. उतरायच्या आधी कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचंच नाही. विझला नाही तरी विहीर चांगली असं समजायचं नाही. सडका नाहीतर तेलाचा वास येत असेल, तर कंदीलही सोडायचा नाही, लांब व्हायचं. कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, आणि दोराचं दुसरं टोक धरायला वर तिघं पाहिजेत. खाली डिझेलचं इंजिन चालू असेल, तर तो धूरच जीव घेतो. दोर बांधून दाखवताना त्यांनी तो टेबलाच्या पायाला बांधला आणि सुमेधा ते ऐकणाऱ्यांना शब्दांत सांगत गेली.

मग ते थांबले. सुमेधानं गाणं लावू का, असा हात केला, तर दैवशालाबाईंनी मानेनंच नको म्हटलं.

"एक गोष्ट राह्यली," ख्वाजामियाँ म्हणाले. "एक मजूर खाली पडल्ता. माझा भाऊ काठावर होता, बावीस सालचा. मीच त्याला म्हणलो, उतर, जल्दी कर, त्याला वर घे. तो माझं ऐकायचा. म्हणून उतरला. लोक म्हणतात विहिरीनं नेला. मी पाठवल्ता. तुमच्यातलं कोणी खाली पडलं, तर तुम्ही उतरू नका, आणि दुसऱ्याला उतर म्हणू नका. दोर ओढा, माणसं बोलवा, अग्निशामकवाल्यांना फोन करा. पण उतरू नका."

कमरबीनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. ते पाणी पिताना झालेला आवाजही त्या दिवशी गावोगाव ऐकू गेला.

नवव्या दिवशी तातेराव नावाच्या शेतकऱ्याचा केंद्रावर फोन आला. त्यांच्या विहिरीचा गाळ काढायचा होता, मजूर उतरायला निघाला होता. त्यांच्या सुनेनं सासऱ्याला अडवलं आणि आधी कंदील सोडायला लावला. निम्म्यावर गेला आणि विझला. त्यांनी काम थांबवलं. तातेरावांना बाकी काही सांगायचं नव्हतं. एवढंच, की तो माणूस कधी आमच्या बाजूला आला तर जेवून जावं.

दैवशालाबाईंनी हा निरोप फोनवर न देता घरी जाऊन सांगितला. ख्वाजामियाँनी तो दोनदा सांगायला लावला. त्या दिवशी दैवशालाबाईंनी चहाही घेतला आणि कमरबीच्या हातची पोळीही खाल्ली.

त्यानंतर त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. सोमवारची घोषणा आधी पाहुण्याला वाचून दाखवायची, त्याच्या घरच्यांसमोर. तो हौ म्हणेल तेवढीच रेडिओवर जाणार. यात फेऱ्या वाढल्या, पाय दुखतात, कधीकधी चांगली चांगली वाक्यं हातची जातात. मागच्या रविवारी त्या एका म्हाताऱ्या सुईणीकडं गेल्या होत्या. कागदावर लिहिलं होतं, 'तीनशे बाळंतपणं केलेल्या कौसल्याबाई येणार.' म्हातारीनं ऐकलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, दोनशे चाळीसच्या वर एकही न्हाई, खोटं सांगू नको. दैवशालाबाईंनी तिथंच पेन काढला, आकडा खोडला, खरा लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायला लागल्या.