वामकुक्षीचा लेयर

तेव्हा पुण्यात प्रत्येक घरातलं कोणीतरी कॉम्प्युटरवर काहीतरी करत होतं आणि ते नेमकं काय, हे त्या घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. माझे सासरे मात्र पाहुण्यांना बेधडक सांगायचे, "सूनबाई ऑफिसात नकाशे रंगवतात. त्याचा पगारही देतात म्हणे."

तसे रंगवायचोच आम्ही. कर्वेनगरात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमची छोटी कंपनी होती. कॉम्प्युटरवर शहराचा नकाशा घ्यायचा, त्यावर रस्त्यांचा एक लेयर, घरांचा एक, नाल्यांचा एक, असे एकावर एक चढवायचे आणि अटी घालायच्या. अटींत बसेल ती जागा हिरवी, न बसेल ती लाल. साहेब याला शास्त्रीय निर्णय म्हणायचे.

एका शिक्षणसंस्थेला वारज्यात प्राथमिक शाळा काढायची होती. जागा सुचवायचं काम आमच्याकडे आलं आणि मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. आम्ही वारज्यातच राहायचो. लेक पुढच्या जूनला पहिलीत जाणार होती आणि होती नव्हती ती शाळा हायवेच्या पलीकडे. बालवाडीच्या रिक्षात दप्तरांवर पोरं आणि पोरांवर पोरं रचून रिक्षावाले काका ट्रकच्या मधून घुसायचे, आणि रिक्षा पलीकडे पोचेपर्यंत मी रोज फाटकात उभी राहून बघायचे. लेकीला चालत जाता येईल अशी शाळा, एवढंच मला हवं होतं.

मी साहेबांना आधीच सांगून टाकलं, माझं घर त्याच भागात आहे, हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या. ते म्हणाले, "अहो, तुम्ही कुठे निवडताय? कॉम्प्युटर निवडणार."

मुलांना हायवे ओलांडावा लागू नये, ही अट मी सगळ्यात वर ठेवली. मग उताराची, नाल्याची, विकाऊ प्लॉटची. हिरवा ठिपका उमटला तो नेमका आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या जागी दुसऱ्याला बसवून सगळं पुन्हा चालवलं. ठिपका ढिम्म हलला नाही. मी ऑफिसला पॅटिस खायला घातले.

रात्री जेवताना घरी सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, "शाळा सकाळची की दुपारची?"

"दुपारची, बाबा."

"बरं," म्हणाले आणि ताकभात कालवत राहिले. मला वाटलं, बरं म्हणजे बरंच.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे चिटणीस जागा पाहायला आले. साहेब आणि मी नकाशाची गुंडाळी घेऊन हजर. तेवढ्यात सोसायटीच्या फाटकातून सगळी निवृत्त मंडळी बाहेर पडली आणि पुढे आमचे बाबा. सकाळी माझ्याच हातचे पोहे खाल्लेला हा माणूस हात जोडून मला विचारतो, "आपण नकाशावाल्या बाई का?"

"बाबा, हे काय?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"घरी मी सासरा. इथे मी चेअरमन आहे." मग चिटणिसांकडे वळून म्हणाले, "शाळेला आमचा मुळीच विरोध नाही. शाळा हवीच. फक्त ती दुसरीकडे हवी. दुपारी मधल्या सुट्टीत पोरं केकाटणार आणि आमची तर वामकुक्षीची वेळ."

चिटणीस हसतील असं मला वाटलं. पण तेही पेठेतले, दुपारची झोप मानणारे. चेहरा गंभीर करून म्हणाले, "मॅडम, हा मुद्दा तुमच्या सॉफ्टवेअरनं विचारात घेतला होता का?"

"कुठला?"

"वामकुक्षीचा."

शाळा उभी राहायच्या आधीच साहेबांनी तिथे माझी शाळा घेतली. ऑफिसात परत येऊन नवा लेयर चढवला. जिथे जिथे निवृत्त माणसं दुपारी आडवी होतात, त्या सोसायट्यांपासून लांब. सगळं वारजं लालभडक झालं. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "हायवेची अट जरा सैल करा." माझं डोकं असं फिरलं होतं की माउस फेकून मारावासा वाटला. केली सैल. ठिपका हायवेच्या पलीकडे, ट्रकच्या गॅरेजशेजारी उमटला, आणि शाळा तिथे झाली. घरी बाबांशी मी कामापुरतं बोलत होते.

जूनमध्ये लेकीचं नाव त्याच शाळेत घातलं. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले काका येईनात. पहिला आठवडा मी रजा काढून तिला सोडलं. मग नवऱ्याला ऑफिस, मला ऑफिस. बाबा म्हणाले, "मी आहे की. त्यात काय मोठंसं."

त्यांनी तिला पहिल्यांदा सोडलं त्या संध्याकाळी मी घरी आले तर लेक खेळत होती आणि बाबा खुर्चीत नुसते बसलेले. चहावर साय धरली होती. दुपारी आडवेही झाले नव्हते.

"खूप वेळ उभा होतो गं," ते म्हणाले. "ती बोट ओढतेय, चला ना आजोबा म्हणतेय, आणि माझं पाऊलच उचलेना. एका हातात ती आणि समोरून ते ट्रक."

वर्षभर साठवलेलं सगळं तोंडावर मारायची हीच वेळ होती. पण मला एकदम त्यांची दया आली.

"सूनबाई," ते म्हणाले, "तो वामकुक्षीचा लेयर काढून एकदा चालवून बघ ना तुझं ते."

"बाबा," मी म्हटलं, "शाळा बांधून झाली."