उरलेला साबण

घरी माझी आई साबणाचा झिजलेला तुकडासुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरते. हॉस्पिटलच्या लाँड्रीची ती मुकादम. तिथेही तिने एका वर्षी लिक्विड साबणाचे चार कॅन वाचवले. कौतुक राहिलं बाजूला, हिशेबाच्या साहेबांनी पुढच्या बजेटमधून तेवढेच कॅन कापले. म्हणे, "उरलं म्हणजे लागत नाही!"

नेमकी त्या कपातीच्या वर्षी जुलाबाची साथ आली. साबण संपला, डागाळलेल्या चादरी वॉर्डात गेल्या, आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या कोणी खाल्ल्या? आईने. साहेब आपले एसीत गारेगार.

यंदा वर्ष संपता संपता मी तिला डबा द्यायला गेले, तर ती साबणाचा भरलेला कॅन गटाराच्या जाळीवर उपडा करत होती.

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"उरलेलं दिसलं की कापतात!" ती ओरडली. "मग साथ आली की तू आणून देणारेस?"

काल मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "नियोजन शिकावं तर यांच्याकडून. अंदाज आणि खर्च तंतोतंत जुळले."

घरी येऊन ती नुसत्या पाण्याने हात धूत बसली. मी साबणाची वडी पुढे केली, तर अंगावर खेकसली, "दूर कर ती!"