सरबत का काकवी?

सांगलीत ज्याच्या हाताला माझ्या साडूंनी चिमटा काढला नाही असा धडधाकट माणूस उरला असेल, तर तो परगावी गेलेला असणार. हातात हात दिला, की हे मागची कातडी चिमटीत धरून सोडत आणि ती किती वेळात खाली बसते ते घड्याळात बघत; उशीर लागला, की अंगात पाणी कमी. फौजेतल्या दवाखान्यात नोकरी झालेली, तीही राजस्थानच्या वाळूत. "आजारी मानसाकडं डाक्टर बघतोय, साडूभाऊ. चांगल्या मानसाचं पानी कोन मोजतंय?" हा त्यांचा लाडका सवाल.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. लघवीच्या रंगाचा त्यांनी खास सांगली तक्ता केला होता: ताकाची निवळी, लिंबू सरबत, हळदीचं पाणी आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकवी. माझ्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी नव्या व्याह्यांना खड्या आवाजात विचारलं, "काय पाव्हणं, सकाळी सरबत का काकवी?" व्याह्यांना वाटलं, न्याहारीचं विचारतायत. ते खुशीत म्हणाले, "काकवीच! चांगली दोन वाट्या!" साडू ताटावरून उठले आणि व्याही नको नको म्हणत असताना त्यांना दोन तांबे पाणी पाजूनच बसले.

बाईमाणसाला मात्र हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. बायकोलाही नाही. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जत तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका. रोज बसने जाऊन येऊन. तिच्यासाठी साडूंनी बाटलीचं माप ठरवलं होतं. सकाळी दोन लिटर भरून द्यायची, संध्याकाळी रिकामी बघून कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. एकही खूण कधी चुकली नाही. फाटकाजवळचा मोगराही असा काही फुलायचा, की साडू आल्यागेल्याला दाखवत, "पानी मिळालं की बगा, कसं लय फुलतंय!"

शाळेत बाईला जायला धड जागा नव्हती. प्रवास दोन-दोन तासांचा. अक्का घर सोडल्यापासून पाण्याला तोंड लावत नसे आणि परतल्यावर बाटली मोगऱ्याच्या मुळाशी ओतून मग घरात येत असे. इतकी वर्षं! मुतखड्याची दुखणी तिने अंगावर काढली आणि तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. दवाखान्यात तिने हे सगळं सांगितलं. साडू एवढंच म्हणाले, "अगं, मला बोलायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही कधी विचारलंत?" अक्का म्हणाली.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून तिचं वजन साडूच लिहून ठेवतात आणि दिवसाचं पाणीही तेच मोजून देतात, अर्धा लिटर. "अजून एकच घोट द्या की हो," अक्का म्हणते, आणि जन्मभर लोकांना धरून धरून पाणी पाजलेला हा माणूस मान हलवून नाही म्हणतो. मला ते बघवत नाही.

परवा भर उन्हाळ्याच्या दुपारी गेलो होतो. टेबलावर सारख्या दोन बाटल्या, दोन्ही अर्ध्या लिटरच्या. "ही दुसरी कुणाची?" मी विचारलं. साडूंनी ती आपल्याकडं ओढली. मी त्यांचा हात धरला, मागची कातडी चिमटीत घेतली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली.

"साडूभाऊ, काकवी ना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान डोलावली. "तिच्यासमूर पिववत न्हाई, गड्या."

मी तांब्या भरला, अक्काच्या नजरेआड त्यांना फाटकापाशी नेलं आणि त्या मोगऱ्याशेजारी उभं करून पाजला.