दीड वर्षाचा ऊस

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात संगणकावर कामाला लागले. पहिलंच काम ऊसतोडीच्या यादीचं. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, जुनी, त्याची तोड आधी, असा नियम. तोवर यादी हाताने व्हायची. त्या वर्षी पेठ वडगावकडच्या एका गटाची माझ्या प्रोग्रॅममधून निघाली.

डिसेंबरअखेर एक शेतकरी आला आणि उसाचं कांडं माझ्या टेबलावर आपटलं. आतून पोकळ, भेंडासारखं.

"बाई, तुरा येऊन म्हैना झाला, ऊस पोकळ पडाय लागला. माझी तोड कवा?"

मी यादी बघितली. "मार्चमध्ये."

"मार्चात काय चिपाडं तोडायची व्हय? गेल्या वर्साच्या जुलैची लागण हाय माझी. शेजाऱ्याचा औंदाच्या जानेवारीतला कवळा ऊस दिवाळीलाच गेला की!"

जागा वाचावी म्हणून मी तारखेतलं वर्ष घेतलंच नव्हतं, त्यामुळे यंत्राने औंदाचा जानेवारी गेल्या वर्षीच्या जुलैच्या आधी धरला होता. कार्यालयात सगळे 'जुलैची लागण', 'जानेवारीची लागण' एवढंच बोलत. वर्ष कुणी सांगत नसे, कारण प्रत्येकाला ते ठाऊक असे. मी शहरातल्या पेठेत वाढलेली. ऊस पाहिला तो रसाच्या गाड्यावर. दीड वर्षाचा ऊसही वर्षभराच्या उसाबरोबर त्याच हंगामात तुटतो हे मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

"मग आधी का नाही आलात?"

"आलतो की. तुमचं सायेब म्हनलं, मशीन चुकत न्हाय."

साहेब म्हणजे आमचे शेतकी अधिकारी. मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात खटकलं होतं. पण म्हटलं, मशीनने काहीतरी विचार केला असेल."

वीस वर्षं उसात हिंडलेला माणूस! प्रत्येक पानावर त्यांची सही होती.

"गुपचूप दुरुस्त करा. बोभाटा नको," ते म्हणाले.

यादी मी त्याच दिवशी दुरुस्त केली, गुपचूप मात्र नाही. चूक यंत्राची नसून माझी आहे, असं लिहून सहीनिशी कागद फलकावर लावला. दुपारी तो फाडलेला दिसला. दुसरा लावला.

चार दिवसांनी तोडणीची टोळी त्या शेतकऱ्याच्या रानात पोचली. मीही गेले. निम्मा ऊस वाळला होता.

"कागद वाचला तुमचा," तो म्हणाला. "ब्येस केलंसा. पर ह्यो वाळल्याला ऊस कागदानं हिरवा हुतोय काय?"

"नाही," मी म्हटलं.

तो टोळीकडे वळला.