खालच्या कप्प्यातली थंडी

नवी शेगडी आली आणि माझा जीव टांगणीला लागला. शेगडी लाकडाचीच, पण उबेच्या आकड्यावर चालणारी, रेशीमअळ्यांच्या शेडात बसवलेली. आष्टीचा कारागीर म्हणाला, "ताई, पंचवीस लावून ठेवा. ऊब कमी पडली की झडप आपोआप उघडते, जास्त झाली की मिटते. तुमी फक्त लाकूड टाका." म्हणे फक्त लाकूड टाका! माझा जन्म चुलीपुढं गेलाय. झडप मिटून जाळ बसला की माझा हात फुंकणीच शोधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वरच्या कप्प्यांत तुतीच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आणि खालच्या कप्प्यातल्या अळ्यांनी पाल्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात अस्संच सुरू झालं होतं, चार दिवसांत खालच्या सगळ्या अळ्या मेल्या होत्या. यंदा आमच्या मालकांनी बजावलंच होतं, "ही बॅच गेली तर तुती उपटायची." ती तुती मी माझ्या हातानं लावलेली, उन्हाळाभर डोक्यावर पाणी वाहून जगवलेली.

आकडा तीसवर नेला. झडप उघडली, जाळ भडकला, तरी मी आणखी लाकडं कोंबली. मग वरच्या अळ्या उकाड्यानं काठाकडं सरकायला लागल्या. आकडा खाली आणला, पण पेटलेलं लाकूड थोडंच आकड्याचं ऐकतं? खिडकी उघडावी तर बाहेर कडाक्याची थंडी. रडूच फुटलं. सासूबाईंना हाक मारायची सोय नव्हती. गेल्या साली कोळशाच्या शेगडीची राखण त्यांच्याकडं होती, आणि अळ्या मेल्यावर मी चारचौघींत म्हणाले होते, "डोळा लागला तुमचा, शेगडी इझली." तेव्हापासून त्यांनी शेडात पाऊल टाकलं नव्हतं.

खालचा कप्पा बघायला गुडघ्यावर बसले. तोंडाला घाम आणि पाय मात्र गारठलेले. वर बघितलं. ऊब मोजणारी तार त्या शहाण्या कारागिरानं स्वतःच्या डोक्याच्या उंचीवर बांधलेली! वर पंचवीस झाले की झडप मिटायची, खाली थंडी तशीच. तार सोडून मधल्या कप्प्याला बांधली, आणि वरची ऊब खाली यावी म्हणून छताकडं तोंड करून पंखा लावला. लाकडं दोन-दोनच टाकली, हात आवरून. दुपारी खालच्या अळ्या पाल्यावर चढल्या तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मग टाळकं ठिकाणावर आलं. गेल्या साली पण वरच्या वाचल्या होत्या, खालच्याच मेल्या होत्या. शेगडी इझली असती तर वरच्या कशा वाचल्या असत्या?

सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. समोर जाऊन बसले. "आत्याबाई, शेगडी इझलीच न्हवती. खाली ऊबच पोचत न्हवती. चूक माझी होती, मी उगंच बोलले."

त्यांचे हात थांबले.

"खरं म्हणतीस का बाई?" त्या म्हणाल्या. "मला तर वाटलं, लागलाच आसंल डोळा. कवा लागला ते आठवायला बसते रोज, पर आठवतच न्हाई."